फ्रिजवरचं चुंबक घेऊन ये

अगं, काल तुझा फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ एकटीच हसत होते. तुला नाही हसले, मला हसले. ‘ताई, सर म्हणतात सेट घ्या, दुकानदार म्हणतो लाखभर होतील, आणि हे म्हणतात त्यापेक्षा पोरीला बॅडमिंटनची रॅकेट घेऊन देऊ,’ हे तू एका दमात म्हणालीस ना, तेव्हा बारा वर्षांपूर्वीची मीच बोलतेय असं वाटलं. फरक एवढाच की मला थांबवायला तेव्हा कुणी ताई नव्हती. त्यामुळे सगळ्या चुका मी रोख पैसे मोजून केल्या. त्यातल्या निम्म्या तरी तुझ्या वाचाव्यात म्हणून बसलेय लिहायला. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

आधी ते घाबरणं थांबव. लेकीला शाळेच्या उन्हाळी शिबिरात गोल्फ आवडला, एवढंच झालंय. कर्ज काढायची वेळ आलेली नाही. आणि ‘हा श्रीमंतांचा खेळ, आपलं काय काम तिथे’ असं जे तुझ्या घरात चाललंय, त्यावर बघ, एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदानाची निगा राखायचे. त्यांचा मुलगा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. स्पेनचा सेव्ह बालेस्टेरोस लहानपणी भावाने दिलेल्या एका जुन्या तीन नंबरच्या आयर्नने समुद्राकाठच्या वाळूत खेळत शिकला. एकच काठी, तीही कुणाची तरी वापरलेली. पुढे पाच मेजर स्पर्धा जिंकला. आता तुझी लेक बालेस्टेरोस होईल असं मी म्हणत नाही गं. पण लाखाचा नवा सेट नसेल तर शिकताच येत नाही, हे दुकानदाराचं म्हणणं आहे, खेळाचं नाही.

खरं सांगू का, नवा सेट घेऊ नकोस. निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी. हे मी काटकसर म्हणून सांगत नाहीये. तुला किंवा लेकीला काय लागतं हेच अजून तुम्हा दोघींना माहीत नाही, म्हणून सांगतेय. नव्या सेटमध्ये आपण आधी पैसे देतो आणि मग कळतं की आपल्याला दुसरंच हवं होतं.

तू अजून आमची काटेवाडी पाहिली नाहीस. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस. पुण्याहून इकडे राहायला आले तेव्हा मला लागण आणि खोडवा यातला फरकही ठाऊक नव्हता. सासऱ्यांनी समजावलं. लागणीला नांगरट, सऱ्या, बेणं, मजुरी असा सगळा खर्च येतो. ऊस तुटून गेला की त्याच बुडख्यातून जो फुटतो तो खोडवा. बेण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, नीट पाणी-खत दिलं तर माल चांगला येतो. मला लगेच गोल्फचा सेट आठवला, आणि सासरे माझ्याकडे बघतच राहिले. वापरलेला सेट म्हणजे खोडवा गं. लागणीचा खर्च दुसऱ्या कुणीतरी केलाय, तुला फक्त निगा राखायचीय. पण सासऱ्यांनी पुढचंही सांगितलं होतं, तेही ऐक. खोडव्यावर खोडवा घेत सुटलं की उतारा पडतो. तसंच इथेही. फार जुनं, तीन-चार हातांतून फिरलेलं असेल तर स्वस्तातही घेऊ नको.

आता माझी पहिली फजिती ऐक. थोरला मुलगा दहा वर्षांचा होता, शिकायला येरवड्याच्या बाजूला जायचा. त्याला सोडायला जायचं आणि दोन तास नुसतं बसून राहायचं, त्यापेक्षा आपणही चार चेंडू मारावेत म्हणून मी स्वतःसाठी क्लब, म्हणजे काठ्या, बघायला लागले. एका गृहस्थांकडे आयर्नचा सेट होता, चकचकीत, पातळ पात्यांचा. शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, ‘स्टिफ’ असं लिहिलेलं. मी मनात म्हटलं, वा, स्टिफ म्हणजे मजबूत, टिकाऊ असणार! शेजारी दुसरा सेट होता त्यावर इंग्रजी ‘आर’ होतं. ते मी ‘राइट’ समजले, म्हणजे उजव्या हाताचा. स्टिफवाला घेतला. पहिल्याच चेंडूला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या आणि चेंडू सरपटत गेला दहा पावलं. महिनाभर मला वाटत होतं आपल्यात काहीतरी कमी आहे. मग तिथल्या एका म्हाताऱ्या कॅडीने क्लब हातात घेतला आणि हसला. म्हणाला, बाई, ही जोराने मारणाऱ्या तरण्या गड्याची काठी आहे.

तर हे पाठ कर. शाफ्ट किती वाकतो हे त्या अक्षरावरून कळतं. ‘एल’ म्हणजे बायकांसाठीचा, सगळ्यात लवचीक. ‘ए’ म्हणजे थोडा कमी लवचीक, वयस्कर खेळणाऱ्यांना देतात तो. ‘आर’ म्हणजे रेग्युलर, ‘एस’ म्हणजे स्टिफ, ‘एक्स’ म्हणजे त्याहून ताठ. तुझी उंची चांगली आहे, हातात जोरही आहे, तुला ‘एल’ किंवा ‘ए’ चालेल. बायकांचे क्लब पुरुषांच्या क्लबपेक्षा साधारण इंचभर आखूड असतात. जुन्या बाजारात पुरुषांचे सेट ढिगाने आणि बायकांचे मोजके, हे तुझ्या लक्षात येईलच. मग नाइलाजाने पुरुषांचा घ्यायची वेळ आली तर ग्रॅफाइट शाफ्टचा, ‘ए’ अक्षराचा बघ. स्टीलपेक्षा हलका असतो.

आणि ते पातळ चकचकीत पातं दिसलं की पाठ फिरव. त्याला ब्लेड म्हणतात, ते मुरलेल्या खेळाडूंचं. तुला हवा तो कॅव्हिटी बॅक, म्हणजे मागून खोलगट, कडेने जाड असा. चेंडू पात्याच्या अगदी मध्यावर नाही बसला तरी तो सांभाळून घेतो. नव्या सुनेला सांभाळून घेणारी सासू असते ना, तसा. सगळ्यांना मिळत नाही, पण इथे निवडता येते.

नियमाने बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. कमीत कमीचा नियमच नाही, हे दुकानदार कधी सांगत नाही. तुला सहा-सात पुरेत. एक हायब्रिड किंवा फेअरवे वुड, मग सात नंबर, नऊ नंबर, एक पिचिंग वेज, एक सँड वेज आणि पटर. ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा मोठ्या डोक्याचा क्लब, नंतर घे, सहा महिन्यांनी. तोवर त्याच्या मोहाने तू फक्त खांदा दुखवून घेशील. पटर मात्र कितीही जुना असू दे, डोळे झाकून घे, कारण त्याने चेंडू नुसता ढकलायचा असतो, त्यात झिजायला काही नसतं. माझा पटर मी जुन्या बाजारातून आणला, तोच, शाहीर अमर शेख चौकाजवळचा, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. तांब्याच्या घंगाळाची चौकशी करायला गेले होते. घंगाळ राहिलं, पटर आला. अजून तोच वापरते.

लेकीचं मात्र वेगळं आहे, नीट ऐक. मुलांचे क्लब वयावर नाही, उंचीवर घ्यायचे असतात. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या रेघा मारतेस ना, तिथेच तिला भिंतीला टाच लावून उभी कर, माप घे, आणि ते माप सांगून सेट माग. लहान मुलांचा सेट जुना घेण्यात तर काही धोकाच नाही, कारण क्लब झिजायच्या आतच पोर वाढतं. शाळेच्या बुटांसारखंच आहे ते. दीड-दोन वर्षांत पुढचा नंबर लागणार आहे, तेव्हा हाच सेट तू पुढच्या आईला विकशील, आणि बघ, जेवढ्याला घेतला त्याच्या आसपास जाईलही.

तेवढी एक मूर्खपणाची काटकसर करू नको. मी केली होती. माझा तो स्टिफवाला सेट पडूनच होता, म्हटलं थोरल्याला आखूड करून देऊ. खिडक्यांचे गज करणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे नेला आणि चार इंच कापून आणला. शाफ्ट कापला की तो आणखी ताठ होतो आणि खालचं डोकं मोठ्या माणसाचंच जड राहतं, हे मला कोण सांगणार? पोराला तो हातोडा झाला. त्याचं हात फिरवणंच बिघडलं, ते सरळ करायला सरांचे तीन महिने गेले. वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट फी भरली मी.

आता खरी गोष्ट, बघायचं कसं ते. हे जरा सावकाश वाच.

माझे सासरे गाय घ्यायला जातात तेव्हा शिंगं रंगवलेली बघत नाहीत. दात बघतात, कास चाचपतात, गाय चार पावलं चालवतात, आणि सकाळ-संध्याकाळची धार स्वतः काढल्याशिवाय पैसे देत नाहीत. क्लबही तसाच घ्यायचा.

दात म्हणजे आयर्नच्या पात्यावरच्या खाचा. पातं खिडकीपाशी उजेडात धर आणि अंगठ्याचं नख खाचांवरून आडवं फिरव. प्रत्येक खाचेत नख अडकायला हवं. वापरलेल्या क्लबात मधोमध एक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडलेला असतो, खलबत्त्याचा तळ झिजतो तसा. नऊ आणि सात नंबरला थोडा चट्टा असला तरी शिकणाऱ्याला चालतो. पण वेजवर तो असेल तर नको, कारण वेज वाळूत आणि मातीत घासून सगळ्यात आधी झिजते. सँड वेज तेवढी नवीसारखी बघून घे.

मग शाफ्ट. स्टीलचा असेल तर स्वयंपाकाच्या ओट्यावर, कडप्प्यावर, लाटण्यासारखा लोळव. डोकं ओट्याच्या बाहेर राहू दे. वाकडा असेल तर लगेच ठक-ठक उड्या मारतो. वरवरचा गंज पुसून जातो, पण नखाला खड्डे लागले तर तो शाफ्ट आतून खाल्लेला आहे. ग्रॅफाइटचा असेल तर कापसाचा बोळा घे आणि वरून खालपर्यंत फिरव. जिथे कापसाचे धागे अडकतील तिथे चीर आहे. डोकं आणि शाफ्ट जिथे जोडतात तिथे एक काळं प्लॅस्टिकचं कडं असतं, त्याच्या वर बोटभर जागा नीट बघ. बहुतेक शाफ्ट तिथेच दगा देतात. मग एका हातात ग्रिप आणि दुसऱ्या हातात डोकं धरून पिळून बघ, धुणं पिळतो तसं पण हळू. किंचितही फिरलं तर गोंद सुटलाय. गोंद परत लावता येतो, पण तेवढे पैसे किमतीतून कापून घे.

ड्रायव्हर कानाशी धरून हलव, नारळ घेताना हलवतो तसा. नारळात पाणी वाजलेलं चांगलं, इथे मात्र काही वाजायला नको. वाजलं तर आत सुकलेल्या गोंदाचा खडा सुटलाय. तो जीवघेणा नसतो, पण दर वेळी खुळखुळ्यासारखा वाजून डोकं उठवतो. वरच्या रंगावर पांढरे ओरखडे असतील तर घासाघीस करायला ते बरेच आहेत, खेळाला त्याने काही होत नाही. मात्र पुढच्या तोंडावर केसाएवढी जरी चीर दिसली तरी तसाच परत दे. आणि फार जुना ड्रायव्हर नको. डोक्याच्या आकाराची कमाल ४६० घन सेंटिमीटर ठरली २००४ साली, आणि त्यानंतरचे बहुतेक ड्रायव्हर त्या मर्यादेच्या आसपास मोठे आले. त्याआधीचे लहान डोक्याचे असतात. शिकणाऱ्या माणसाला मोठं डोकंच सोपं.

शेवटी ग्रिप. रबराची मूठ उन्हाने आणि घामाने कडक होते, चकाकायला लागते, हातातून निसटते. लोक ग्रिप बघून क्लब टाकून देतात आणि मी ग्रिप बघून भाव पाडते. कारण ग्रिप बदलणं म्हणजे पायपुसणं बदलण्याइतकं सोपं आहे गं. जुनी कापायची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची, थोडं सॉल्व्हंट, नवी सरकवायची. काहीशे रुपयांत एक होते. हातालाच क्लब नवा वाटतो. लेकीसाठी आणि तुझ्यासाठी ग्रिप नवीनच टाक, तेवढी चैन कर.

आणि धार काढून बघायची, म्हणजे प्रत्यक्ष चेंडू मारून. ‘फोटो बघा आणि पैसे पाठवा’ म्हणणाऱ्याला नमस्कार कर. माझ्या एका मैत्रिणीने असाच फोटो बघून सेट मागवला, सुंदर होता, एकही ओरखडा नाही. सगळा डावखुऱ्याचा. तिने फोटो आरशातला आहे असं समजून घेतलं होतं म्हणे! अशी माणसं माझ्याच वाट्याला का येतात कोण जाणे.

सेट पूर्ण आहे का हेही बघ. सगळ्या आयर्नच्या मागे एकाच मॉडेलचं नाव हवं. चार नंबरपासून नऊपर्यंत ओळीने भिंतीला टेकवून ठेवलेस तर लांबी अर्ध्या-अर्ध्या इंचाने उतरत गेलेली दिसते, बांगड्यांच्या चढत्या मापासारखी. मध्येच एखादा उंच दिसला तर तो दुसऱ्या घरातून आलाय.

आता खोट्या मालाचं. बाजारात नकली क्लब भरपूर आहेत, आणि ते जुने म्हणून नाही, तर ‘एकदम नवा, प्लॅस्टिकही काढलेलं नाही’ म्हणूनच विकले जातात. निम्म्याहून कमी किमतीत कुणी सीलबंद ड्रायव्हर देत असेल तर तो तुझा मामा नाहीये. नाव नीट वाच. कॉलवे, टेलरमेड, टायटलिस्ट यांची अक्षरं काठाला पसरलेली, रंग बाहेर गेलेला, एखादं अक्षर जरा वाकडं असं दिसलं की सोड. पिंगच्या क्लबवर मानेपाशी क्रमांक कोरलेला असतो, तो विचारून घे. आणि ही माझी आवडती युक्ती, फ्रिजवरचं चुंबक खिशात ठेव. आजकालच्या चांगल्या ड्रायव्हरचं तोंड टायटेनियमचं किंवा कार्बनचं असतं, त्याला चुंबक चिकटत नाही. चटकन चिकटलं तर ते साधं लोखंड आहे. तळाच्या वजनाच्या स्क्रूला चिकटलं तर घाबरू नको, तोंडालाच लावून बघ. मी एकदा एका साहेबांसमोर पर्समधून गणपतीचं चुंबक काढून त्यांच्या ड्रायव्हरला लावलं, त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. चिकटलं नाही, म्हणून लगेच घेतला.

कुणाकडून घ्यायचा, तर ज्याला विकायचं कारण खरं आहे त्याच्याकडून. बदली झालेले, पाठ धरलेले, पोरं मोठी झालेले. ‘का विकताय?’ हे मी नेहमी विचारते आणि मग गप्प बसते. आपण गप्प राहिलं की समोरचा खरं बोलतो, हे आपल्याला बायकांना माहीत असतंच. कॅडींशी गोड बोल, त्यांच्याइतकं कुणाची बॅग कशी वापरली गेली हे कुणालाच ठाऊक नसतं. सरांनाही विचार, पण सर जर एकाच दुकानाचं नाव तीनदा घ्यायला लागले तर समज. पुण्यात गोल्फ काही आज आलेला नाही. येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे, बावधनच्या डोंगरावर ऑक्सफर्डचं आहे. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्यातला आणि टोकियो ऑलिंपिकला गेलेला उदयन माने पुण्याचाच. खेळणारे इतके आहेत म्हटल्यावर ज्यांच्या घरी पलंगाखाली सेट धूळ खातोय असेही पुष्कळ आहेत.

चेंडूही जुनेच घे. दहा मारशील त्यातले चार झाडीत जाणार आहेत, नव्या चेंडूचं दुःख कशाला करायचं? हातमोजा मात्र नवा, दुसऱ्याच्या घामाने आखडलेलं कातडं नको. आणि हो, तो एकाच हाताचा मिळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या हातात घालायचा. मी दुकानात ‘दुसरा कुठाय?’ म्हणून भांडले होते, हे थोरला अजून पाहुण्यांना सांगतो.

घरी आणल्यावर कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. खाचांतली माती निघाली की लगेच कोरडं पुसून घे, शाफ्टच्या आत पाणी जाऊ देऊ नको. ग्रिपही साबणाच्या फडक्याने पूस. तारेची घासणी लावू नको, हात जोडते. मला आपल्या पितळी समईची सवय, चिंच-मीठ लावून तारेने घासला एक सेट. चमक तर आली नाहीच, वरचा क्रोमचा मुलामाच गेला आणि पंधरा दिवसांत तांबूस डाग धरले. तो सेट आता शेतावर असतो. रानडुकरांना हाकलायला गडी नेतो एखादा.

आता पैशांचं, कारण रात्री तुला तेच छळत असणार. बघ, गोल्फमध्ये क्लब हा खर्च एकदाच होतो. शिकवणी, सरावाचे चेंडू, मैदानाची फी, ने-आण, हे दर महिन्याला लागतं. म्हणून सेट अर्ध्या-पाव किमतीत घेऊन उरलेले पैसे शिकवणीच्या नावाने बाजूला काढ. वेगळ्या डब्यात, डाळीच्या मागे, जिथे तुझे ते बघत नाहीत. सहा महिने शिकवणी सुरू ठेवता आली, तर पोरीला खेळ खरंच आवडतोय की मैत्रिणींबरोबरचा डबा आवडतोय हे कळेल. डबाच आवडत असेल तर सेट विकून टाक, मनाला लावून घेऊ नको.

आणि त्या बाकीच्या आया. माहितेय मला, त्याच तुला टोचतायत. नव्याकोऱ्या बॅगा, रंग जुळणारी क्लबची झाकणं. मी पहिल्या वर्षी लाजेपायी जुने क्लब नव्या महागड्या बॅगेत घालून नेले होते. बॅगेचे पैसे क्लबपेक्षा जास्त! सरांनी बॅगेकडे बघितलंही नाही, ग्रिप चाचपल्या आणि म्हणाले, ‘या कुणी बदलल्या? चांगलं काम केलंय.’ मीच बदलल्या होत्या, रात्री, दिवाणखान्यात, वर्तमानपत्र पसरून. तो दिवस आणि आजचा दिवस. टोकियोला अदिती अशोक चौथी आली, तेव्हा तिची बॅग तिच्या आईने खांद्यावर घेतली होती. ऑलिंपिकच्या मैदानावर, चार दिवस. मला त्या बॅगेचा रंग आठवत नाही, आई तेवढी आठवते.

तू शेवटी फोन ठेवताना हळूच म्हणालीस ना, ‘मलाही एकदा मारून बघायचंय’, ते मी ऐकलं बरं का. मुद्दामच काही बोलले नाही. ‘हे काय म्हणतील’ आणि ‘या वयात’ ही दोन वाक्यं मी तुझ्या तोंडून ऐकणार नाही. मी सुरुवात केली तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि साडीवर चेंडू मारायचा प्रयत्न केला होता. पदराने चेंडू टीवरून खाली पाडला, क्लब कुठे गेला कळलंच नाही. आता ट्रॅक पँट घालते, सासूबाईंनाही सवय झालीय. ऊस तुटून रान मोकळं झालं की मी दोन-तीन आठवडे तिथेच चेंडू मारते. सासरे बांधावर बसून ‘लांब गेला’, ‘हा नाही गेला’ असं सांगत असतात, आणि चेंडू शोधून आणायला शेजारची पोरं एका बिस्किटाच्या पुड्यावर तयार असतात.

तर असं कर. आत्ता काही विकत घेऊ नको, दुकानदाराला ‘विचारून सांगते’ म्हण. आषाढात तुकोबांची पालखी आमच्या काटेवाडीत येते, तेव्हा दोन दिवस काढून लेकीला घेऊन ये. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या धूळ उडवत गोल धावतात, पोरीने हे बघायलाच हवं. थोरल्याचा लहानपणीचा सेट मी माळ्यावरून काढून ठेवलाय, ग्रिप मागच्या आठवड्यात बदलल्या. तिच्या उंचीला बसला तर तसाच ने, पैशांचं नंतर बघू. तुझ्यासाठी एक सात नंबर आहे, ‘एल’ अक्षराचा, तो इथे रानातच मारून बघ.

पोरीची उंची चौकटीवरून मोजून आण. फ्रिजवरचं चुंबकही आण, परतताना बारामतीत एकाकडे एक ड्रायव्हर बघायचाय, आणि माझं गणपतीचं चुंबक कुणीतरी कुठेतरी लपवलंय. येताना साडी नेसून येऊ नको.